गिनीपिग, ससा, पाखरं घेऊन गाडीनं गावी: पुणे ते सावंतवाडी, टप्प्याटप्प्यानं

गणपतीला गावी जायचं ठरलं की आधी रजेचं बघायचं, मग गाडीचं. आमच्याकडे त्याच्याही आधी चिंगी आणि ढमीचं बघावं लागतं. या आमच्या दोन गिनीपिग. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा करत आंबोली घाट उतरून सावंतवाडीजवळच्या गावी पोचायला, सगळे थांबे धरून, नऊ-दहा तास लागतात. चार वर्षं झाली, त्या आमच्याबरोबर येतात. दोन वर्षांपासून एक कॉकाटीलही, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, असतो. या प्रवासात जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. तुमची वाट नागपूरची असो की पणजीची, बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. कुत्र्याला गाडी लागली तर तो ओकतो, घाबरला तर केकाटतो. ससा, गिनीपिग, हॅमस्टर, पाखरं ही रानात दुसऱ्या कुणाची तरी शिकार होणारी जनावरं. दुखणं दिसलं की जीव गेला, म्हणून ती शेवटपर्यंत दुखणं लपवतात. गाडीत गप्प बसलेला ससा शहाणा झालेला नसतो, बहुतेक वेळा तो भीतीनं गोठलेला असतो. त्यामुळे चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. खातोय का आणि लेंड्या पडतायत का, एवढ्या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा.

न्यायचं की घरीच ठेवायचं

माझा नियम असा: तीन दिवसांपर्यंतची सहल असेल तर त्यांना घरीच ठेवायचं आणि शेजारच्या किंवा नात्यातल्या विश्वासाच्या माणसानं दिवसातून दोनदा येऊन बघायचं. "भरपूर चारा टाकून ठेवलाय, दोन दिवस निघतील" हे मात्र चालत नाही. गिनीपिगनं सकाळी खाणं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या लक्षात आलं, तर तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. मुक्काम त्याहून मोठा असेल तर बरोबर नेलेलं बरं.

आजारी, गाभण, अगदी पिल्लू किंवा फार म्हातारं जनावर नेऊ नका. आणि मे महिन्यात, गाडीचा एसी धड नसेल तर कुणालाच नेऊ नका. यात तडजोड नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात

गिनीपिग, पाळीव ससा, हॅमस्टर यांना पाळण्यासाठी परवाना लागत नाही. बजरी (ज्यांना आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात) आणि कॉकाटील हे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या 'साइटीस'च्या यादीत नाहीत. पण कोन्यूर, आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट, इग्वाना हा मोठा सरडा आणि बॉल पायथन हा अजगर हे त्या यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. ती पावती छापून गाडीत ठेवा. आपला हिरवा पोपट, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेलं कासव हे पाळणंच गुन्हा आहे, मग प्रवासाचा प्रश्नच येत नाही.

तीन आठवडे आधी

पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. त्यावर एक टोपली ठेवायची, टोपलीचं वजन वजा करायचं, आणि रोज सकाळी त्याच वेळेला आकडा वहीत लिहायचा. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं, पण तुमच्याकडच्याचं नेमकं किती हे तुम्हाला माहीत पाहिजे. गावी पोचल्यावर ९०० चे ८१० झाले तर ते दहावा भाग वजन गेलं. ते डॉक्टर गाठण्याचं कारण आहे, आणि वही नसेल तर ते कळणारच नाही.

दुसरं काम पेटीची सवय. पेटी तीन आठवडे आधी पिंजऱ्यातच उघडी ठेवून द्या, आत चारा टाका. आठवड्याभरात ती तिथे झोपायला लागतात. मग वीस मिनिटांची एक फेरी, चार दिवसांनी तासाभराची. परत आल्यावर लगेच खायला लागली की समजायचं, जमतंय. दोन-तीन तास चाऱ्याला तोंड लावलं नाही तर लांबच्या प्रवासाचा फेरविचार करा.

तिसरं काम डॉक्टरांकडची फेरी: दात, नखं, कातडी तपासून घ्या. खाणं सोडलं तर सिरिंजनं भरवायची पूड मिळते, ती आणि तिचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाटेत आणि गावाजवळ अशा प्राण्यांना बघणारं कोण आहे, तेही त्यांनाच विचारा. या वाटेवर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच्यापुढे कोल्हापुरात कोण बघतं याची फोनवर खात्री करून नंबर कागदावर लिहून घ्या. आंबोलीच्या आसपास मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

पेटी कशी असावी

मोठी पेटी म्हणजे जास्त आराम, असं वाटतं. गाडीत ते उलटं पडतं. ब्रेक लागला की मोठ्या पेटीत जनावर एका टोकावरून दुसऱ्या टोकावर आदळतं. आत ते अंग पसरून झोपू शकेल आणि वळू शकेल एवढी जागा पुरे. भिंती कडक प्लास्टिकच्या, तीन बाजूंनी हवा, आणि दार असं की जे घाटात हादऱ्यानं उघडणार नाही. दाराला मी वरून एक केबल-टाय लावते आणि कात्री दाराच्या कप्प्यात ठेवते. पुठ्ठ्याचं खोकं नको. लघवीनं तळ भिजून मऊ पडतो.

तळाशी आधी जुना टॉवेल, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा आणि वर मूठ-दोन मुठी चारा. निघायच्या आदल्या दिवशी ते अंथरूण धुऊ नका. त्यांना त्यांचाच वास ओळखीचा असतो आणि अनोळखी गाडीत तोच धीर देतो. एकत्र राहणाऱ्या दोन गिनीपिगना एकाच पेटीत न्या. दोन सश्यांची जोडी जमलेली असेल तर तीही एकत्रच. हॅमस्टर मात्र नेहमी एकटा.

खाणं आणि पाणी

सगळ्यात मोठी चूक इथे होते. कुत्र्याला प्रवासाआधी काही तास उपाशी ठेवतात, म्हणून लोक सशालाही ठेवतात. ससा आणि गिनीपिग यांना ओकताच येत नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्यात फायदा काहीच नाही. तोटा मात्र जिवावरचा आहे. त्यांचं आतडं सतत चारा येत राहिला तरच चालतं. चारा थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, दुखतं म्हणून ते खात नाहीत, आणि हे चक्र एका दिवसात जीव घेऊ शकतं. म्हणून पेटीत पूर्ण वाट चारा हवा. माणसांची गाडी लागू नये म्हणूनची गोळी चुकूनही देऊ नका.

चारा म्हणजे सुकं गवत, रोजचंच. आयत्या वेळी बदल नको. लसूणघासात कॅल्शियम फार असतं. पिल्लांना तो चालतो, मोठ्यांना रोज नको. गणपतीत घरात दुर्वांच्या जुड्या असतातच. दुर्वा म्हणजे हरळी, आणि ती यांना मनापासून आवडते, पण धुऊन, पुसून, थोडीच द्या. हायवेच्या कडेचं गवत कापून घालू नका. त्यावर धूर बसलेला असतो आणि फवारणी झाली आहे का हे कळत नाही.

पाण्याची बाटली चालू गाडीत लावू नका. पहिल्या वर्षी मी लावली होती. खंबाटकी ओलांडेपर्यंत हादऱ्यानं सगळं पाणी टपकून अंथरूण चिंब झालं होतं, वर एसीची हवा, आणि ढमी ओल्या पोटानं कोपऱ्यात बसलेली. तेव्हापासून चालू गाडीत पाण्याऐवजी काकडीच्या जाड चकत्या असतात, आणि प्रत्येक थांब्यावर मी बाटली दारापाशी धरते. गिनीपिगच्या शरीरात माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच जावं लागतं. त्यासाठी डब्यात ढोबळी मिरचीच्या फोडी, थोडी कोथिंबीर, पेरूचा एखादा तुकडा. घरचं पाणीही दोन दिवस पुरेल एवढं बरोबर घ्या. विहिरीच्या पाण्याची चव वेगळी लागली की काहीजण पिणं सोडतात.

निघणं, आणि गाडीतली जागा

आम्ही पहाटे साडेचारला निघतो. कात्रजच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो आणि ऊन चढेपर्यंत कोल्हापूर जवळ आलेलं असतं. या जनावरांचा खरा शत्रू थंडी नाही, उष्मा आहे. गिनीपिग आणि ससा यांना साधारण १८ ते २४ अंश मानवतं. २७-२८ च्या पुढे त्रास सुरू होतो आणि कोकणासारखी दमट हवा असली तर लवकर. त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. सशाच्या अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते.

म्हणून गाडी दहा मिनिटं आधी सुरू करून गार करा, मगच पेटी आत. एसी २३-२४ वर, आणि झोत थेट पेटीवर नको. पेटीपाशी एक साधा थर्मामीटर बांधा. पुढच्या सीटवर तुम्हाला गार वाटतं तेव्हा मागे खाली काय आहे ते तोच सांगतो. खिडकीला सुती पंचा लावा, कारण वळणावर ऊन नेमकं पेटीवर येतं.

पेटी कुठे ठेवायची? छोटी असेल तर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत, आणि सीट मागे सरकवून ती घट्ट धरली जाईल अशी. जोराचा ब्रेक लागला तर तिथून ती कुठे उडत नाही. मात्र आधी हात लावून फरशी तापत नाही ना हे बघा. काही गाड्यांची तापते. मोठी पेटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधायची. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, म्हणून तिथे नाही. डिकीत नाही. मांडीवर तर नाहीच, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. मांडीवरून सुटलेला ससा थेट चालकाच्या पायाखाली, पॅडलपाशी जातो.

वाटेत

दर दीड-दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. पेटी उघडायची असेल तर आधी गाडीची सगळी दारं-काचा बंद, मग पेटीचं दार. बाहेर काढून गवतावर सोडायचा मोह होतो. करू नका. पेट्रोल पंपावरची कुत्री आणि ट्रकचे हॉर्न पुरेसे असतात. ओलं अंथरूण बदला, काकडी बदला, पाणी दाखवा, लेंड्या मोजा. नेहमीपेक्षा थोड्या कमी असतील तर ठीक, पण तीन-चार तासांत एकही नाही आणि चाराही तसाच, तर पुढे जाण्याऐवजी डॉक्टरांना फोन.

जेवायला सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही. उन्हात बंद केलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंशांनी चढतं. बाहेर ३० असेल तर आत ४०, आणि अर्ध्या तासात त्याच्याही बरंच वर. काच चार बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. आम्ही पाळीपाळीनं जेवतो. एकजण एसी चालू ठेवून गाडीत बसतो. साताऱ्याजवळची मिसळ दोन खेपांत खाल्ली तरी तेवढीच चांगली लागते.

एसी बंद पडलाच तर? निघताना फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून बरोबर ठेवते. एक पेटीच्या एकाच बाजूला लावायची, म्हणजे नको वाटलं तर जनावराला दूर सरकता येतं. उष्मा लागल्याची लक्षणं अशी: जोरजोरात श्वास, लाळ, अंग टाकून पडणं, सशाचे कान लाल आणि गरम. पाखरू पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवतं. अशा वेळी सावलीत किंवा गार जागी न्या, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं कान आणि पाय पुसा आणि थेट डॉक्टर. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, त्याचा धक्का बसतो.

घाटात चालवणाऱ्याचा पाय महत्त्वाचा. आंबोली उतरताना वळणावर झटका देणारी गाडी आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरणारी गाडी यात पेटीतल्या जिवाला फार फरक पडतो. पावसात धबधब्यापाशी गर्दी असते, लाउडस्पीकर असतात, धुक्यात गाड्या खोळंबतात. तिथे थांबायचं नाही. थांबा आधी आजऱ्यात घ्यायचा आणि मग सरळ खाली. उतरताना हवा बदललेली तुमच्याही लक्षात येते: वरचा गारवा जाऊन दमट उकाडा सुरू होतो. तिथे थर्मामीटर पुन्हा बघा.

पाखरं, हॅमस्टर, कासव

पाखरासाठी छोटा प्रवासी पिंजरा घ्या. त्यातला झोपाळा, आरसा, टांगलेली खेळणी काढून टाका, दांडी खाली बसवा. तीन बाजू सुती कापडानं झाकून एक उघडी ठेवली की ते शांत राहतं. गाडीतलं सुगंधाचं यंत्र आठवडाभर आधी काढून टाका. पाखरांची फुप्फुसं इतकी नाजूक असतात की परफ्यूम, सिगारेट, फवारे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बाधतात. त्यांना अ‍ॅव्होकॅडो कधीही देऊ नका, ते विष आहे. गाडीत वाटलेलं चॉकलेटही नाही.

हॅमस्टर दिवसा झोपतो, ते सोयीचंच. त्याच्या घरट्यातला जुना कागद-कापूस मूठभर घालून त्याला गुंडाळून झोपू द्या, उगाच उठवून बघू नका. शुगर ग्लायडर, म्हणजे खारीएवढा, झाडावरून तरंगत झेप घेणारा प्राणी, त्याच्या कापडी पिशवीत असतो, पण ती पिशवी पेटीत हवी, गळ्यात नको.

पाण्यातलं कासव पाण्यात न्यायचं नाही. हिंदकळणाऱ्या पाण्यात ते दमतं, उलटं होऊन बुडूही शकतं. हवेशीर डब्यात ओलसर टॉवेलावर ते काही तास व्यवस्थित राहतं. गावी कुणी "विहिरीत सोडून दे, जगंल तिथं" असं म्हणालं तर ऐकू नका. लाल कानाचं ते कासव अमेरिकेतलं आहे, आणि आपल्या पाण्यात सुटलं तर इथल्या कासवांच्या वाट्याचं खातं.

पोचल्यावर

सामान नंतर. आधी त्यांची जागा. गणपतीत ओटीवर आरत्या, टाळ-मृदंग, फटाके, पाहुण्यांची ये-जा, आणि धूप-अगरबत्तीचा धूर. म्हणून आम्ही त्यांना माजघराच्या मागच्या खोलीत ठेवतो, जमिनीवर नाही तर टेबलावर. कोकणातल्या घरात मांजरं असतात, उंदीर असतात, आणि उंदरांमागे साप येतो. पिंजऱ्याच्या गजांमधून बोट जात असेल तर बाहेरून बारीक जाळी बांधा. डासांसाठी कॉइल किंवा फवारा नको. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकायची.

घरच्यांना त्यांची ओळख पहिल्याच संध्याकाळी करून द्या. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "ह्येंका काय खावक घालतंस?" आणि तासाभरात मोदकाचा तुकडा घेऊन आल्या. प्रेमानंच आणलेला होता. मी तेव्हा एक कागद लिहून पिंजऱ्यावर लावला: काय चालतं, काय नाही. आता त्याच सकाळी काकडी कापून ठेवतात आणि पोरांना बोट घालू देत नाहीत.

पहिले दोन-तीन तास त्यांना एकटं सोडा. मग लेंड्या आणि चारा बघा. दुसऱ्या सकाळी वजन. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर वाट बघायची नाही.

पावसाळ्यात चाऱ्याला दोन दिवसांत बुरशी धरते. हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला की फेकून द्या. सशाची शेपटीकडची बाजू रोज बघा. ओल्या, घाण झालेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडतात.

गावच्या डॉक्टरांना काय सांगायचं

तालुक्याचे पशुवैद्यक गाई-म्हशींचे जाणकार असतात, त्यांची आडरात्री होणारी मदत मोठी असते. १९६२ हा पशुसेवेचा नंबरही मुख्यतः गुराढोरांसाठीच आहे. त्यांच्याकडे गिनीपिग क्वचितच येतो, म्हणून हा कागद आपणच बरोबर न्यावा आणि आदरानं पुढे करावा: पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे सशाला, गिनीपिगला, हॅमस्टरला देऊ नये, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जनावर दगावतं. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिल सशाला लावू नये. आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध कासवाला देऊ नये. खाली आपल्या पुण्यातल्या डॉक्टरांचा नंबर लिहा, म्हणजे दोघांचं बोलणं होऊ शकतं.

परतताना

सगळं तसंच, फक्त उलट्या क्रमानं, आणि एक फरक: परतीला आपण दमलेलो असतो आणि थांबे गाळतो. विसर्जनानंतरच्या गर्दीत तर हमखास. आमच्याकडे थांब्यांची यादी आता डॅशबोर्डवर चिकटवलेली असते: आजरा, कागल, कराड, शिरवळ. घरी आल्यावर उरलेला चारा टाकून द्यायचा, पेटी उन्हात वाळवायची, कानामागे आणि पोटाखाली खरूज-बुरशी आहे का ते बघायचं. वजन पुढचे सात दिवस रोज, त्याच काट्यावर, त्याच वहीत.